कॉम्प्युटरची वाकळ

मी एकदा कॉम्प्युटरला वाकळ शिवून घातली होती. गंमत म्हणून नव्हे, अगदी मन लावून. जुन्या साड्यांचे थर एकावर एक, आत धोतराचं मऊ अस्तर, कडेला हिरवी गोट आणि मागच्या अंगाला वायरी बाहेर काढायला काजं. ती काजं इतकी सुबक, की गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांनाही मी कधी तशी केली नसतील. आज हे सांगताना हसू येतं. पण त्या वाकळेनं काय केलं ते कळलं त्या दिवशी मी फरशीवर जी बसले, ती बराच वेळ उठलेच नाही.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते. आता नातवंडांची आजी झाल्यावर त्या बाईकडे बघते तर ती मला घट्ट अंबाडा घातलेली, नाक वर केलेली आणि सगळ्यातलं सगळं आपल्यालाच कळतं अशा तोऱ्यात मिरवणारी दिसते. शिवणकाम येत होतं तिला, एवढंच. पण शिवणकाम येणाऱ्या बाईला वाटतं, जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एक कापड असतं.

आमची गल्ली जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या मागच्या अंगाला. दिवसभर पोती उतरायची, ज्वारी पाखडली जायची आणि तिचा कोंडा उडून आमच्या घरात यायचा. भाताच्या पातेल्यात, पाण्याच्या माठावर, भुवयांतसुद्धा. म्हणून गल्लीतल्या बायका घरातल्या झाडून सगळ्या वस्तू झाकायच्या. माझ्या घरात टीव्हीला झालरीचं कव्हर, मिक्सरला टोपडं, गॅसच्या टाकीला परकर. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यालाही कपडे करणं ओघानंच आलं.

तो कॉम्प्युटर मुलीचा. तिच्या कॉलेजासाठी घेतलेला. पुढं ती नोकरीला पुण्याला गेली, तिला लॅपटॉप मिळाला आणि हा उंच, पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा आमच्या समोरच्या खोलीत राहिला. त्यावर मी पत्ते खेळायचे. शेजारच्या आपांनी वाकळ घातलेला तो डबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "भाभी, कोपऱ्यात बाळंतीण बसवली काय?" मी म्हटलं, हो, दार लोटून घ्या, वारं लागंल तिला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

आता आमच्या गुरुजींचं सांगते. गुरुजी म्हणजे माझे मालक. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळं गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची आणि मीही तेच म्हणायला लागले. शाळा सांभाळून ते गायन पार्टीत गायचे. जयंती असो, लग्न असो, बारसं असो, बोलावणं आलं की पेटी, ढोलकी आणि गुरुजी निघाले. आवाज असा, की आडतीवरचे हमाल पोतं पाठीवर घेऊन उभे राहायचे. आणि मी? मी सगळ्यांना सांगायचे, मुलीला तर लहानपणापासून ऐकवलेलं, की मी पुढच्या रांगेत बसून ऐकायचे आणि पदर डोळ्याला लावून रडायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज, जवळ बसलेल्यालाच ऐकू येईल एवढी. गुरुजींनी त्यावर कधी कुरकुर केली नाही, पण गाण्याचा विषयही पुन्हा काढला नाही. रेडिओवर कुणी गायला लागलं की ते उठून अंगणात जायचे. मी रेडिओ बारीक करायचे.

असे दिवस चालले असताना आष्टीहून एक कॅसेट आली. त्यांच्या पार्टीतला पेटीवाला आष्टीचा. तो वारला, आणि त्याच्या बायकोनं पेटीखाली जपून ठेवलेली कॅसेट आम्हाला पाठवून दिली. आष्टीला त्याच्याच घरी एका दुपारी गायलेली गाणी होती ती. पहिली दोन सगळ्या पार्टीची आणि तिसरं एकट्या गुरुजींचं. त्यांनी स्वतः रचलेलं, आईनं मोळ्या विकून मुलाला पाटी आणली, तिच्यावरचं. एवढं सगळं त्यांनी गायलं, पण त्यांचा आवाज घरात कुठंच नव्हता. होता तो या एका कॅसेटवर.

मुलगी होळीला आली होती. तिनं टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली, कॅसेट लावून दिली आणि माझ्याबरोबर पोळ्या लाटायला आली. ती वायर खोचली की आवाज बाहेर येत नसे, त्यामुळं गाणं मुकाट्यानं आत भरत गेलं आणि आमच्यापैकी कुणीच ते ऐकलं नाही. संध्याकाळी म्हटलं, आता ऐकू या कॅसेटवर. तर टेपरेकॉर्डरनं रिबीन खाल्ली. काढायला गेलो तर तुकडे. मुलगी रडवेली झाली. मी मात्र छाती पुढं काढून म्हटलं, घाबरू नको, कॉम्प्युटरात भरलंय ना? आणि वर वाकळ आहे.

पुढं जयंती तोंडावर आली आणि विहारातली मंडळी घरी आली. मिरवणुकीच्या आधी, सकाळी सगळे जमतात तेव्हा गुरुजींचं गाणं लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गुरुजी म्हणाले, आधी मी ऐकीन. घरात, पहिल्यापासून, सगळं. मनाला पटलं तर हो म्हणीन. तोवर ते कुणाला द्यायचं नाही की बाहेर न्यायचं नाही.

त्या दुपारी मी त्यांना कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून दिली. ऊन मी म्हणत होतं. पार्टीचं पहिलं गाणं लागलं आणि पेटीचा सूर आला, तसे गुरुजी पुढं सरकले. एकेक आवाज ते बोट उचलून ओळखत होते. हा अमका, हा तमका, हा आता नाही. दुसरं गाणंही नीट गेलं, शेवटाला जरासं अडखळलं इतकंच. मग तिसरं सुरू झालं.

गुरुजींचा आवाज आला. पण पहिली ओळ पुरी व्हायच्या आधीच तो तुटला. एक शब्द, मग गप्प. अर्धा शब्द, मग तोच अर्धा पुन्हा, पुन्हा. उचकी लागलेल्या माणसासारखा. मध्येच खरखर, मध्येच काहीच नाही, मग दोन शब्द एकमेकांवर आदळलेले. मी उंदीर इकडं फिरवला, तिकडं फिरवला, स्पीकरच्या वायरी हलवल्या. शेवटी बटण दाबून बंद केलं आणि वळून पाहिलं. गुरुजींचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला होता.

ते म्हणाले, "बाकीच्यायचे आवाज तर नीट हायेत. माझाच तव्हापासून फाटका व्हता काय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, काहीतरीच काय, मशीनमध्ये बिघाड आहे. पण त्यांचं म्हणणं कसं खोडून काढणार? मशीन बिघडलं असेल तर पेटीवाल्याचा आवाज कसा धड आला? ते उठून अंगणात गेले, रेडिओ लागल्यावर जायचे तसे.

मी पुण्याला फोन लावला. मुलगी म्हणाली, कॉम्प्युटर म्हातारा झालाय, एका वेळी फार कामं झेपत नाहीत त्याला. मग रोज सकाळी ती ऑफिसला निघायच्या आधी आमची शिकवणी सुरू झाली. तिनं सांगितलं, ते व्हायरस शोधणारं थोडा वेळ बंद कर. केलं. म्हणाली, आपोआप चालू होणारं जे जे आहे ते काढून टाक. काढलं. त्यात माझे पत्तेही गेले, पण मी हूं की चूं केलं नाही. मग म्हणाली, गाणं वाजवायच्या आधी थोडं पुढचं वाचून ठेव असं त्याला सांगता येतं, म्हणजे घास तोंडात असताना पुढचा घास हातात. तेही केलं. फरक पडला, पण थोडाच. उचकी आता पहिल्या ओळीऐवजी पहिल्या कडव्यानंतर लागायची. गुरुजींना मी सांगायचे, सुधारतंय. ते नुसती मान हलवायचे.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. लाइट जाऊन आली की सुरुवातीला मशीन चांगलं चालायचं. यावरून मी काय ताडलं असेल? की ते थकतं, त्याला विश्रांती हवी. आणि थकलेल्याला काय करतात? म्हणून मी वाकळेच्या आत आणखी एक जुनी गोधडी दुमडून घातली. जालन्यातल्या उन्हाळ्यात, ऐन दुपारी. आम्ही स्वतः ओली चादर अंगावर घेऊन पडत होतो, आणि त्या डब्याला मी डबल पांघरूण घालत होते. आपा मला म्हणाल्या होत्या, "भाभी, तिला शेक-शेगडी पण ठेवा." मी म्हटलं, विचार आहे.

जयंतीच्या आधी आमच्यात घर वरपासून खालपर्यंत झाडतात, रंग देतात, पांघरुणं धुतात. मीही एका सकाळी घरातल्या सगळ्या वाकळा उपसल्या. त्यात कॉम्प्युटरची पण धुतली आणि गच्चीवर टाकली. खाली येऊन फरशी पुसता पुसता सहज गाणं लावलं. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसरं लागलं आणि पहिलं कडवं सरळ पार करून पुढं निघालं. मी फडकं हातात धरून तशीच ओणवी थांबले, हललं तर तुटेल म्हणून. आवाज कसा होता म्हणून सांगू. कोऱ्या माठातल्या पाण्यासारखा. मी ते विसरून गेले होते, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या कडव्याला लागतो न लागतो, तोच लाइट गेली.

गेली तर गेली. मला गड जिंकल्यासारखं झालं. आदल्या सकाळी मुलीनं जे करायला लावलं होतं त्याचाच हा गुण, अशी माझी पक्की खात्री. गुरुजी बाजारातून आले तेव्हा त्यांना ऐटीत सांगितलं, दुपारी तयार राहा. मग विचार केला, मालक ऐकायला बसणार, कॉम्प्युटर असा उघडाबोडका बरा दिसणार नाही. गच्चीवरून वाळलेली वाकळ आणली, साबणाचा वास येत होता तिला, आणि गोट सारखी करून, काजांतून वायरी ओढून, नीट बसवली.

दुपारी गुरुजी बसले. पहिलं गाणं, दुसरं गाणं. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी. तिसरं सुरू झालं आणि पहिल्याच कडव्यात पुन्हा तीच उचकी.

गुरुजी उठले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला, विहारातल्या मंडळीला नाही म्हणून सांग, इतकं बोलले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी हादरून गेले. सकाळी जे कानांनी ऐकलं ते खोटं होतं का? मशीनला पाठ लावून खाली बसले, आणि पाठ चटकली. वाकळेतून सुद्धा. मी आत हात घातला तर पत्रा तव्यासारखा तापलेला. भाकर भाजून निघाली असती.

आणि मग माझी नजर समोर गेली. समोर माझं शिलाई मशीन होतं, मोटर लावलेलं. इतकी वर्षं मी ते चालवत होते, आणि चालू मोटरवर मी कधी रुमालसुद्धा पडू दिला नव्हता. मोटर तापते, श्वास घ्यायला जागा लागते, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायचे. त्या पोरींना शिकवणारी हीच ती शहाणी बाई.

फरशीवर बसले ती तेव्हा. सकाळी वाकळ नव्हती, गाणं चाललं. दुपारी वाकळ घातली, गाणं तुटलं. पहिली दोन गाणी व्हायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात डबा तापायचा आणि नेमका गुरुजींच्या पाळीला त्याचा दम संपायचा. फाटकं त्यांच्या गळ्यात काही नव्हतं. माझ्या नवऱ्याचा आवाज इतक्या वर्षांनी घरी आला होता आणि मी त्याच्या तोंडावर पांघरूण घालून बसले होते, वर हिरवी गोट लावून.

अंगात बळ आलं तसं उठले. वाकळ ओढून काढली, प्लग काढला, डबा गार होईस्तोवर थांबले आणि पेचकसानं बाजूचा पत्रा सोडवला. आत पाहिलं आणि पुन्हा एकदा थक्क झाले. पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी ज्वारीच्या कोंड्याचा, केसांचा, धुळीचा एक मऊ गोळा बसला होता, एखाद्या पक्ष्यानं घरटं केल्यासारखा. वाकळेत वायरींसाठी मी जी सुबक काजं ठेवली होती, तिथूनच तो कोंडा आत गेला असणार. म्हणजे धूळ यायला वाट ठेवली होती आणि वाफ जायला नाही. असं कव्हर शिवायला फार हुशारी लागते.

शिलाई मशीनच्या बॉबिनमधला कचरा काढायचा बारीक ब्रश माझ्याकडे होता. त्यानं एकेक पातं साफ केलं. पंख्यामागच्या पत्र्यांच्या फटींतूनही कोंडा निघाला. निघाला तो सगळा सुपात भरला तर सूप भरलं. मग पत्रा तसाच उघडा ठेवून, प्लग लावून, गाणी पहिल्यापासून चालू केली. गुरुजींना हाक मारली नाही. आता कुठल्या तोंडानं मारणार होते?

पहिलं गाणं झालं. मी पत्र्याला हात लावून पाहिला. गार. दुसरं झालं. तिसरं लागलं, पहिलं कडवं सुरळीत पार पडलं, दुसरं आलं, आणि आतल्या खोलीतली खाट करकरली. गुरुजी उंबऱ्यात येऊन बसले. मी मागं वळून पाहिलं नाही. त्यांचा आवाज त्यांच्या आणि माझ्या मधून चालला होता, कुठं ठेच नाही, कुठं खळ नाही. आई मोळी उतरवते, पदरात पाटी बांधते. माझे डोळे वाहायला लागले. म्हटलं बघा, पुढच्या रांगेत बसून रडायचे म्हणत होते, ते काही खोटं नव्हतं.

आणि तिसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर, जिथं आजवर नुसती खरखर ऐकू यायची तिथं, लांबून एका बाईचा आवाज जवळ येत गेला. चिरका, कातावलेला.

"ओ, बास करा आता. भाकरी वाळून राह्यल्या, पावणे उपाशी बसले, आन तुमचं आपलं आ-आ-आ चालूच."

पहिल्यांदा मनात आलं, कोण ही कैदाशीण? एवढं सोन्यासारखं गाणं चाललंय आणि हिला भाकरींची पडलीय. मग कान टवकारले आणि पायांखालची फरशी सरकली. ती मी होते. आष्टीच्या त्या दुपारी पेटीवाल्याच्या बायकोबरोबर चुलीपुढं बसलेली, विशीतली, नुकतं लग्न झालेली मी. कॅसेटमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं, ढोलकीचा एक ठेका चुकला. आणि गुरुजी? त्यांनी सूर एक पट्टी वर चढवला आणि गाणं पुढं नेलं.

पुढच्या रांगेत रडणारी बाई त्या कॅसेटवर कुठंच नव्हती. मुलीला, आपांना, साऱ्या गल्लीला मी जी ऐकवत आले ती कहाणी त्या एका वाक्यात उघडी पडली. आणि गुरुजींनी इतक्या वर्षांत एकदाही मला खोटं पाडलं नव्हतं.

गाणं संपलं. मी हळूहळू वळले. उंबऱ्यात गुरुजींचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेले तर हसत होते. आवाज नसलेलं हसू, डोळ्यांतून पाणी काढणारं. मी वाकळ त्यांच्यापुढं टाकली, सुपातला कोंडा दाखवला आणि काय काय केलं ते सगळं कबूल केलं. शेवटी म्हटलं, मधलं ते माझं बोलणं मुलीला सांगून कापून घेते, मग विहारात द्या. साऱ्या वस्तीसमोर शोभा नको.

गुरुजींनी मला हातानं जवळ बसायची खूण केली, कारण त्यांचं बोलणं जवळूनच ऐकावं लागे. वाकळेचं एक काज त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कापायचं काय न्हाई. हाय तसं सगळं वाजवा म्हणाव. तव्हा तुझ्या वरडण्यानं मी थांबलो न्हाई, म्हणून आता वाकळ टाकून पाह्यली व्हय तू?"